हात बसलेलें हत्यार

साधनांच्या निवडीचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष ‘जुनें तें सोनें’ म्हणतो. दुसरा, जें जें नवें तें तें घ्यावें, नाहीं तर आपण मागें राहूं, असें म्हणतो. दोघेहि वस्तूचें वय मोजतात. ती वस्तु आपल्या हातांत कशी चालते, बिघडली तर आपणांस दुरुस्त करतां येते कीं नाहीं, आणि जें काम करावयाचें त्यास तिची गरज किती, हे प्रश्न मात्र दोन्ही पक्षांकडून राहून जातात. घरच्या सुगरणीस हें शिकवावें लागत नाहीं. पन्नास पानें वाढावयाचीं त्या दिवशीं ती नवें पुरणयंत्र काढून बसत नाहीं. तें आधीं चार माणसांच्या स्वयंपाकांत वापरून पाहते. संगणकावर काम करणाऱ्या शिकलेल्या मंडळींस मात्र ही साधी गोष्ट पुष्कळदां सुचत नाहीं. गेल्या दोन वर्षांत आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठीं एक लहानसा प्रोग्राम आम्हीं स्वतः लिहिला. त्या निमित्तानें या विषयाचा जो विचार आम्हांस करावा लागला, तो वाचकांपुढें ठेवण्याची इच्छा आहे.

कुलवृत्तांत म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांतील अनेक घराण्यांनीं आपल्या वंशावळी, मूळ गांव, गोत्र, कुलदैवत आणि कर्त्या पुरुषांची माहिती गोळा करून असे ग्रंथ छापले. आमच्या घराण्याचाहि एक आहे. आजोबांच्या पिढीनें तो पदरमोड करून काढला, आणि त्यांत सुमारें सहाशें माणसांची नोंद आहे. परंतु ती नोंद पुरुषांची. मुलींच्या जागीं बहुतेक ठिकाणीं ‘कन्या २’, ‘कन्या ४’ एवढेंच छापलेलें आढळतें. त्या कोण, त्यांचीं नांवें काय, कोणत्या गांवीं व कोणत्या घरीं दिल्या, त्यांचीं मुलेंबाळें कोठें आहेत, याचा त्यांत कांहीं पत्ता नाहीं. घराण्यांत जन्मलेलीं जवळजवळ निम्मीं माणसें अशा रीतीनें कागदावर आलींच नाहींत. नवा कुलवृत्तांत करावयाचा तर ही उणीव आधीं भरून काढावयाची, असें घरांतील सर्वांच्या मतें ठरलें.

हीं नांवें कागदावर नसलीं तरी एका ठिकाणीं शिल्लक होतीं. आमच्या थोरल्या आत्याबाई त्या वेळीं अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या वाईच्या वाड्यांत वाढल्या, लग्नानंतर थोड्याच वर्षांत वैधव्य येऊन पुन्हां माहेरीं आल्या, आणि पुढें साठ वर्षें घरांतील प्रत्येक बारसें, मुंज, डोहाळजेवण व लग्न त्यांच्याच देखरेखीखालीं पार पडलें. त्यांच्या पूर्वींच्या पिढ्यांच्या मुलींचीं नांवें त्यांनीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेलीं. कोणती मुलगी कोणाकडे दिली, सासरीं तिचें नांव काय ठेवलें, पहिलें बाळंतपण कोठें झालें, हें सारें त्यांस तोंडपाठ होतें. साल मात्र त्या आंकड्यांत सांगत नसत. ‘पानशेत फुटलें त्याच्या आदल्या वर्षीं’, ‘कोयनेचा भूकंप झाला त्या मार्गशीर्षांत’, अशा त्यांच्या खुणा. धरण फुटलें तें १९६१ सालीं, भूकंप झाला तो १९६७ सालीं, त्यावरून वर्ष काढणें हें आमचें काम. डॉक्टरांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें होतें कीं, स्मृति आतां हळूहळू क्षीण होत जाईल. किती दिवसांत, हें सांगतां यावयाचें नाहीं. आमच्या हातांतील वेळेचें माप तें हें होतें.

आमचा एक पुतण्या पुण्यास एका मोठ्या कंपनींत संगणकाचें काम करतो. मुलगा हुशार, आणि घरच्या कामाविषयीं त्यास मनापासून आस्था. आम्हीं काय योजिलें आहे हें ऐकतांच तो म्हणाला, “काका, अहो, आतां असें कोणी लिहीत नाहीं. हें वीस वर्षांपूर्वींचें झालें.” आणि त्यानें आपली योजना कागदावर मांडली. पडद्यावरील भाग रिॲक्टमध्यें लिहावयाचा. माहिती आलेख-डेटाबेसमध्यें, म्हणजे जेथें माणसें हे बिंदु आणि नातीं ह्या रेषा असतात अशा रचनेंत, ठेवावयाची. प्रोग्रामचे तुकडे निरनिराळ्या कंटेनरांत घालून क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या संगणकांवर, चालवावयाचे. त्याचीं कारणें पोकळ नव्हतीं. वंशावळ हें मुळांतच नात्यांचें जाळें, तेव्हां जाळ्याच्या रचनेंत ती सहज बसेल. नागपूर, काशी आणि न्यू जर्सी येथील शाखांस ती एकाच वेळीं पाहतां येईल. “आणि आपल्यालाहि कांहीं नवें शिकायला मिळेल कीं,” हें तिसरें.

आम्हीं त्याचें म्हणणें पूर्ण ऐकून घेतलें आणि पीएचपी ही भाषा व एसक्यूलाइट हा डेटाबेस, यांचीच निवड केली. आमचीं उमेदीचीं बावीस वर्षें एका कचेरीच्या संगणक-विभागांत अशाच साधनांच्या सहवासांत गेलीं. हीं साधनें फॅशनीचीं नाहींत, पण कुळवान आहेत. माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवावी ही कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. त्या कोष्टकांस प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा आयबीएमच्या संशोधकांनीं १९७४ च्या सुमारास रचली आणि १९८६ सालीं तिचें प्रमाणीकरण झालें. पीएचपी रास्मुस लेरडॉर्फ यांनीं १९९४ सालीं आपल्या स्वतःच्या वैयक्तिक पानासाठीं तयार केली आणि पुढील वर्षीं लोकांस मोकळी करून दिली. एसक्यूलाइट रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केला. त्याचा मोठा गुण असा कीं, त्यास राबता ठेवावयाला वेगळा संगणक लागत नाहीं. सारा डेटाबेस म्हणजे एक फाइल. वाचकांच्या हातांतील मोबाइलमध्यें तो आधींपासूनच काम करीत असतो, मग तो मोबाइल अँड्रॉइड असो वा आयफोन. आमच्या घराण्याच्या सात पिढ्या आज अशा एका फाइलींत आहेत, आणि ती फाइल मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहून लहान आहे.

जाळ्याचा प्रश्नहि या कोष्टकांनीं सुटण्यासारखा होता. एका माणसापासून त्याचे मुलगे-मुली, मग त्यांचीं मुलें, असें पिढी-पिढीनें खालीं उतरत जाण्याची सोय एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणांतच केलेली आहे, आणि एसक्यूलाइटमध्यें ती २०१४ पासून आहे. कोट्यवधि माणसांचें जाळें असतें तर पुतण्याची सूचना आम्हीं वेगळ्या तराजूनें तोलली असती. आमच्याकडे माणसें फार तर दीड हजार. सातव्या पिढीपर्यंतची यादी पापणी लवते न लवते तोंच पडद्यावर येते.

परंतु निवडीचें खरें कारण याहून खोल आहे. नवी गोष्ट शिकण्याची, तिचे लपलेले खांचखळगे सोसण्याची जी शक्ति माणसापाशीं असते, ती अमर्याद नाहीं. डॅन मॅकिन्ली या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें २०१५ सालीं एका लेखांत ही गोष्ट नाण्यांच्या उपमेनें सांगितली आहे: प्रत्येक संस्थेच्या पदरीं नावीन्याचीं जणूं तीनच नाणीं असतात, तीं कशावर खर्चावयाचीं हें विचारपूर्वक ठरवावें. संस्थेचें हें, तर एकट्या गृहस्थाच्या पदरीं किती असणार! त्याच्याहि पूर्वीं, १९८६ सालीं, फ्रेड ब्रूक्स यांनीं प्रोग्राम लिहिण्यांतील अडचणींचे दोन वर्ग पाडले होते. कांहीं अडचणी विषयाच्या पोटांतल्याच असतात. कांहीं केवळ साधनामुळें उपजतात. साधन बदलल्यानें दुसऱ्या प्रकारच्या अडचणी कमी-जास्त होतील. पहिल्या प्रकारच्या जशाच्या तशा उभ्या राहतात. आमच्या एका नाण्याचा हिशेब आम्हीं असा केला कीं, तें विषयाच्या पोटांतील अडचणींवरच खर्च व्हावें. त्या अडचणी किती व कशा, हें सांगितल्याशिवाय आमचें म्हणणें वाचकांस पटणार नाहीं.

पहिला पेंच नांवांचा. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल असल्यानें एकाच नांवाचे, एकाच आडनांवाचे आणि एक पिढी सोडून बापाचेंहि तेंच नांव असलेले गृहस्थ आमच्या वंशावळींत चार-चार, पांच-पांच आहेत. तेव्हां नांवावरून माणूस ओळखतां येत नाहीं. प्रत्येकास क्रमांक द्यावा लागतो. स्त्रियांची गोष्ट याच्या उलट: नांवें दोन, माणूस एक. माहेरची एक आणि सासरची दुसरी अशा दोन नोंदी झाल्या तर एकाच बाईच्या दोन बाया होतात. म्हणून आम्हीं व्यक्तीचें कोष्टक वेगळें ठेवलें आणि नांवांचें वेगळें. एका व्यक्तीस हवीं तितकीं नांवें, आणि तीं केव्हांपासून लागलीं तेंहि शेजारीं.

दुसरा पेंच दत्तकाचा. धाकट्या भावाचा मुलगा थोरल्यास दत्तक गेला, म्हणजे त्यास जनक पिता एक आणि दत्तक पिता दुसरा. तेव्हां एका मुलास एक बाप असें धरून चालणार नव्हतें. आम्हांस बाप-लेकाच्या नात्यासहि प्रकार लावावा लागला. तिसरा पेंच त्याहून नाजूक. आमच्याकडे मामाच्या मुलीशीं लग्न होत आलेलें आहे. मुलींच्या शाखा जोंपर्यंत छापल्या नव्हत्या तोंपर्यंत यांत अडचण नव्हती; त्या लिहूं लागतांच असें दिसून आलें कीं, कांहीं ठिकाणीं नवरा-बायको दोघेंहि एकाच आजोबांचीं नातवंडें, आणि त्यांचीं मुलें वंशावळींत दोन वाटांनीं येऊन पोंचतात. गणना करतांना तीं दोनदां मोजलीं जाऊं नयेत, आणि चित्र काढतांना एकाच बाजूस दिसूं नयेत, हें दोन्ही साधावयाचें होतें.

चौथा पेंच तिथींचा, आणि त्यानेंच आमचा सर्वांत अधिक वेळ घेतला. जुन्या नोंदी शकाच्या वर्षांत व तिथीनें. शकावरून इसवी सन काढावयाचा तर चैत्रांतील तिथीस ७८ मिळवावे लागतात, माघांतील तिथीस ७९. कारण मध्यें जानेवारीची पहिली तारीख येऊन जाते. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. तेव्हां ‘श्रावण शुद्ध पंचमी’ एवढें लिहिलेलें पाहून भागत नाहीं, तो श्रावण निज कीं अधिक हें पाहावें लागतें. २०२३ सालींच दोन श्रावण होऊन गेले, हें वाचकांस स्मरत असेल. त्यांतच आमची एक शाखा चार पिढ्या काशीस आहे. आपला महिना अमावास्येस संपतो, तिकडचा पौर्णिमेस; त्यामुळें शुद्ध पक्ष दोहोंकडे सारखा, पण वद्य पक्षांत महिन्याचें नांव एकानें पुढें जातें. आपण महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस म्हणतों, ते तिलाच फाल्गुन वद्य चतुर्दशी म्हणतात. काशीच्या शाखेनें आपल्या पणजोबांची तिथि ‘फाल्गुन वद्य’ म्हणून कळविली. ती जशीच्या तशी उतरून घेतली असती, तर इकडील घरांत त्यांचें श्राद्ध एक महिना उशिरां झालें असतें. हें गणित कोणत्याहि नव्या साधनानें आपोआप सोडविलें नसतें. तें स्वस्थ चित्तानें बसूनच करावें लागलें. आणि चित्त स्वस्थ होतें, कारण हातांतील साधनाकडे लक्ष द्यावें लागत नव्हतें.

हात बसलेल्या साधनाचा आणखी एक उपयोग आत्याबाईंपाशीं बसल्यावर दिसला. पहिला कामचलाऊ प्रोग्राम अकराव्या दिवशीं उभा राहिला आणि बाराव्या दिवशीं दुपारच्या चहानंतर आम्ही त्यांच्या खोलींत संगणक घेऊन बसलों. एके दिवशीं एका बाईविषयीं आम्हीं दुसरी पत्नी म्हणून नोंद करूं लागलों, तों त्या म्हणाल्या, “अरे, ती सवत म्हणून नाहीं आली. थोरलीची पाठची बहीण ती. थोरली बाळंतपणांत गेली, लेकरूं आठ दिवसांचें; त्याला परकी आई नको म्हणून हिला त्याच घरीं दिली.” आमच्या कोष्टकांत ‘कितवा विवाह’ यास जागा होती, ‘कां’ यास नव्हती. आत्याबाई बोलत होत्या तोंच आम्हीं एक स्तंभ वाढविला, पडद्यावर एक रकाना केला आणि त्यांचें वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलें. फार तर सात-आठ मिनिटें लागलीं असतील. त्यानंतर अशीं कारणें त्या आपण होऊन सांगूं लागल्या. साधन अनोळखी असतें तर, ‘आत्याबाई, हें पुढच्या आठवड्यांत करूं,’ असें म्हणावें लागलें असतें. आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसापाशीं पुढचा आठवडा उसना मागूं नये.

ओळखीचें साधन निर्दोष असतें असा याचा अर्थ नव्हे. त्याचे दोष ओळखीचे असतात, एवढाच त्याचा लाभ. एसक्यूलाइटमध्यें एका वेळीं एकासच लिहितां येतें. दोघें एकदम लिहूं लागलीं कीं, डेटाबेस कुलूपबंद असल्याचा संदेश येतो. एका रविवारीं नागपूरची सून आणि न्यू जर्सीचा भाचा एकाच वेळीं नोंदी भरीत असतां तो आलाच. ‘सगळें गेलें!’ म्हणून दोन्हीकडून फोन आले. कांहीं गेलें नव्हतें. दुसऱ्यानें क्षणभर थांबावें अशी सूचना एका ओळीनें देतां येते, ती दिली, आणि फोन खालीं ठेवण्यापूर्वींच काम सुरळीत झालें. हाच दोष नव्या साधनांत प्रथमच भेटला असता, तर तो दोष आहे कीं माहितीच नष्ट झाली, हें समजण्यासच रात्र गेली असती. पीएचपीहि अगदीं स्थिर आहे असें नाहीं. तिच्या नव्या आवृत्त्यांत जुन्या कांहीं गोष्टी मोडतात. पण त्या कोठें मोडतात हें आम्हांस ठाऊक आहे.

कुलवृत्तांतासारख्या कामांत टिकाऊपणाचाहि विचार करावा लागतो. आजोबांचें पुस्तक ऐंशी-नव्वद वर्षांनंतरहि कपाटांतून काढून वाचतां येतें. संगणकाच्या जगांत आयुष्यें लहान असतात. पडद्यावर हलतीं चित्रें दाखविणारें फ्लॅश एके काळीं सर्वत्र होतें. ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा आधार संपला. गूगलच्या अँग्युलरजेएस या साधनावर २०१० नंतर असंख्य लोकांनीं आपलीं पानें उभारलीं. २०१६ सालीं आलेली पुढची आवृत्ति इतकी निराळी होती कीं जुनें लेखन तींत जसेंच्या तसें चालत नव्हतें, आणि २०२१ च्या अखेरीस मूळ साधनाची देखभालहि थांबली. मार्च २०१६ मध्यें तर एका लेखकानें आपला अकरा ओळींचा एक तुकडा एनपीएम या सार्वजनिक भांडारांतून काढून घेतला, आणि त्यावर नकळत विसंबलेले हजारों प्रोग्राम जगभर अडून बसले. ज्या इमारतीच्या विटा आपण मोजलेल्या नाहींत, तींत राहण्याचा हा धोका. उलटपक्षीं, एसक्यूलाइटच्या कर्त्यांनीं २०५० सालापर्यंत त्यास आधार देण्याचा आपला संकल्प जाहीर केलेला आहे, त्याच्या फाइलीची रचना २००४ पासून टिकून आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें ती रचना माहितीच्या जतनासाठीं योग्य अशा रचनांत घेतली आहे. आमच्या नातवंडांस ती फाइल उघडतां येईल अशी आशा बाळगण्यास एवढा आधार पुरे.

तथापि येथेंच ‘जुनें तें सोनें’ वाल्यांनीं आनंद मानूं नये. मराठी माणसास याचा उलट अनुभवहि चांगला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी फाँटांत टंकला जात असे. प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी; फाँट नसला तर पडद्यावर ‘क’च्या जागीं रोमन अक्षरें आणि विरामचिन्हें यांची खिचडी दिसे. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें होतें. तरी हात बसलेला कळफलक सोडवत नाहीं म्हणून पुष्कळांनीं पुढेंहि वर्षानुवर्षें जुनेच फाँट चालविले, आणि त्यांचा मजकूर आज तो फाँट नसला तर सरळ वाचतां येत नाहीं. तेथें नवें घेणें हेंच शहाणपण होतें, कारण त्या नवेपणानें विषयाच्या पोटांतील अडचण दूर केली: मराठी अक्षर हें कोणत्याहि यंत्रावर मराठी अक्षरच राहिलें. आम्हीं साध्या युनिकोडशिवाय दुसऱ्या कशांत एक ओळहि लिहिली नाहीं.

आमचें नावीन्याचें तें एक नाणेंहि आम्हीं शेवटीं खर्च केलेंच. आत्याबाईंचें बोलणें मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, बोललेल्या मराठीचें लेखन करणाऱ्या नव्या यंत्रबुद्धीकडे आम्हीं तें सोपविलें. तिला जुन्या गांवांचीं व आडनांवांचीं नांवें नीट उमगत नसत, म्हणून तिचें लेखन तसेंच्या तसें आम्हीं कोठेंहि वापरलें नाहीं. परंतु शंभराहून अधिक तासांच्या बोलण्यांत अमुक लग्नाची गोष्ट कोठें आली आहे, हें शोधणें तिच्यामुळें शक्य झालें. हें काम जुन्या साधनांनीं होण्यासारखें नव्हतें. नवें साधन घेण्यापूर्वीं आम्ही तीन गोष्टी पाहतों, त्या याच: तें विषयाची अडचण दूर करतें कीं केवळ साधनाची; तें मोडलें तर मुख्य काम अडतें कीं चालू राहतें; आणि आम्ही नसतांना घरांतील दुसऱ्या कोणास तें हातीं घेतां येईल कीं नाहीं.

पुतण्याच्या तिसऱ्या कारणाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. शिकण्यासाठीं शिकावें हें अगदीं योग्य आहे. त्याच्या वयाच्या मुलांच्या तर पोटापाण्याचाच तो प्रश्न आहे. आज ज्या साधनांस मागणी आहे तीं न शिकून त्यांचें कसें चालेल? आमचें म्हणणें एवढेंच कीं, शिकणें हा हेतु असेल तर शिकण्यासाठींच कांहीं लिहावें. तें अर्ध्यावर सुटलें तरी शिकलेलें वायां जात नाहीं. कुलवृत्तांत अर्ध्यावर सुटून चालणार नव्हता. हा भेद त्यास पटला. पुढें त्यानेंच एका सुट्टींत आमचीं कोष्टकें समजून घेतलीं. दोन संध्याकाळी पुरल्या. छापील प्रतीसाठीं वंशवृक्षाचीं चित्रें काढणारा भाग त्यानें आपल्या आवडीच्या नव्या साधनांत लिहिला आहे, आणि तो फार सुरेख झाला आहे. उद्यां तें साधन बंद पडलें तर चित्रें पुन्हां काढतां येतील. माहितीस धक्का लागत नाहीं. नव्यास असें स्थान दिलें म्हणजे दोन्ही पक्षांचें भांडणच राहत नाहीं.

आत्याबाईंपाशीं आम्ही कार्तिकांत बसूं लागलों, तें आषाढापर्यंत जवळजवळ रोज बसलों. ‘कन्या २’, ‘कन्या ४’ यांच्या जागीं तीनशें अकरा नांवें आलीं. त्यांतील शहाऐंशी जणींचीं कुटुंबें आम्हांस शोधून काढतां आलीं, आणि कित्येकांस आपल्या आजीचें माहेरचें नांव प्रथमच कळलें. पुढच्या दिवाळीपासून आत्याबाईंच्या बोलण्यांत बहिणी-बहिणींचीं नांवें एकमेकींत मिसळूं लागलीं, आणि आतां त्या बहुतेक वेळ आपल्या आईचीच चौकशी करतात. आम्ही अजूनहि दुपारीं त्यांच्यापाशीं बसतों. लिहून घेण्यासाठीं नव्हे. त्यांस त्यांचींच वाक्यें वाचून दाखवितों. त्या लक्ष देऊन ऐकतात, आणि “बाई, बरीच माहिती आहे कीं हिला!” म्हणून हसतात.

आमच्या वाचकांत संगणकावर स्वतःसाठीं कांहीं लिहिणारे थोडे असतील. पण घरांतील जुनीं पत्रें, औषधांच्या आठवणी, आजीच्या ओव्या, पाककृति, शेताचे कागद यांची नीट व्यवस्था लावावी असें मनांत असलेले पुष्कळ असतील. त्यांनीं उत्तम साधनाच्या शोधांत दिवस घालवूं नयेत. ज्यावर आपला हात बसला आहे, मग ती साधी वही असो, घरच्या हिशेबाचें कोष्टक असो वा वीस वर्षांपूर्वीं शिकलेली एखादी भाषा असो, तें उचलावें, आणि ज्यांच्यापाशीं तीं माहिती आहे त्यांच्याजवळ उद्यां दुपारींच जाऊन बसावें.